साठ दिवसांचं प्लास्टर

मुख्याध्यापक महादेवरावांनी मोबाइलवर आलेला निरोप दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि फोन अश्विनी मॅडमपुढे सरकवला. शाळेत शिक्षक दोनच, हे आणि त्या. त्यामुळे संकट आलं की वाटून घ्यायला माणूस शोधावा लागत नसे.

"वाचा बरं. मले तर घाम फुटून राह्यला."

निरोप मोठा गोड होता, आणि पंचाईत तीच होती. 'शांत दहा मिनिटं' नावाचा एक उपक्रम जिल्ह्यातल्या काही शाळांत चालू होता. रोज प्रार्थनेनंतर मुलांनी डोळे मिटून बसायचं, श्वासाकडे ध्यान द्यायचं आणि गुरुजींनी त्याचा एक फोटो पाठवायचा. उपक्रम चालवणाऱ्या संस्थेच्या डिंपल मॅडमनी लिहिलं होतं, की साठ दिवसांत एकही खाडा न करणारी शाळा तुमची एकटीच. तेव्हा मुलांच्या मनावर आणि अभ्यासावर काय फरक पडला हे पाहायला आम्ही सोमवारी आणि मंगळवारी, असे दोन दिवस येतो. खाली आणखी एक ओळ होती. 'हाताला प्लास्टर असूनही एकही दिवस न चुकवणाऱ्या त्या मुलाला भेटायची फार उत्सुकता आहे.'

अश्विनी मॅडमनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"मी म्हणत होती सर, बिलालले बाजूले बसवा म्हणून."

"रडून राह्यलं होतं न पोट्टं. मले बी घ्या म्हणे फोटोत. दया आली मले."

खरी गोष्ट अशी होती, की धामणगाव बढे गावाच्या अलीकडच्या त्या तेवीस पोरांच्या शाळेत साठ दिवस एका दिवसात उरकले होते. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर एका बुधवारी मुलांना कधी ओसरीत बसवलं, कधी लिंबाखाली, कधी फळ्यापुढे. याचं स्वेटर त्याच्या अंगावर चढवलं, पुढची रांग मागे नेली. दर फोटोला अश्विनी मॅडम फळ्यावरची तारीख पुसून पुढची लिहीत, आणि त्यात रविवार वगळायलाही त्या विसरल्या नाहीत. खिचडी शिजेपर्यंत फळ्यावर फेब्रुवारी लागला होता. मग रोज सकाळी दहा वीसला एक फोटो पाठवला की त्या दिवसाचं ध्यान झालं.

बाकी सगळं जमलं. फक्त त्या बुधवारी चौथीतल्या बिलालचा उजवा हात प्लास्टरमध्ये घालून गळ्यात बांधलेला होता. पुढे हात बरा झाला, प्लास्टर निघालं, पोरगा गोलंदाजी करायला लागला. फोटोतला हात मात्र गळ्यातच राहिला.

महादेवराव काही लबाड माणूस नव्हते. तेहतीस वर्षांच्या नोकरीत हजेरीपटावर त्यांनी एक खोटी फुली मारली नव्हती. गावात दोन भावांत बांधावरून वाद झाला तरी "गुरुजीले विचारा" म्हणत. पण या उपक्रमाच्या प्रशिक्षणाला ते बुलढाण्याला दोन दिवसांसाठी गेले, दुसऱ्या दिवशी सकाळी शेगावला दर्शन घेऊन घरी आले, आणि पोरांनी डोळे मिटले काय अन् उघडे ठेवले काय, अशा मताचे होऊन आले. आता निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि साऱ्या नोकरीचं नाव एका पोराच्या हाताला टांगलं होतं. याची त्यांना मनापासून लाज वाटत होती, आणि भीती त्याहून जास्त.

"हात बरा झाला म्हणू," अश्विनी मॅडम म्हणाल्या.

"आज सकाळी फोटो पाठवला न तुमी? त्यात काय आहे हाताले?"

"प्लास्टर."

"मंग?"

मंग एकच वाट उरली. बिलालचे वडील शकीलभाई छताला पीओपी करायचे. मलकापूरपर्यंत त्यांच्या हाताला मागणी होती. गुरुजी स्वतः घरी आलेले पाहून त्यांनी खुर्ची झटकली, चहा मागवला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हाताचं काम कधी केलं नाई गुरुजी. पण आपलं छत आजवर पडलं नाई," ते म्हणाले. "कडेनं डिझाइन काढू काय?"

"साधं ठेवा भाऊ."

"रविवारी बांधून देतो. सोमवारी एकदम कडक."

एवढ्यावर भागणार नव्हतं. डिंपल मॅडम मुलांना बसवून पाहणार, प्रश्न विचारणार. तेव्हा हातात असलेल्या चार दिवसांत साठ दिवसांचं ध्यान करून घ्यायचं ठरलं. बुधवारी प्रार्थनेनंतर महादेवरावांनी पुस्तिका काढली आणि कवायतीच्या आवाजात फर्मावलं, "डोळे मिटा. श्वास आत. श्वास बाहेर. कोणी हाललं तर पाहून घेईन."

पोरं भीतीनं श्वास घ्यायचीच थांबली. मग अश्विनी मॅडमनी पुस्तिका हळूच आपल्याकडे घेतली.

गुरुवारी जरा बरं झालं. दहा मिनिटांनंतर "काय जाणवलं?" असं विचारायचं पुस्तिकेत लिहिलं होतं, म्हणून महादेवरावांनी विचारलं. एक जण म्हणाला, खिचडीत आज जिरं जळलं. दुसरी म्हणाली, घड्याळ टिकटिकून राह्यलं पण काटा जागचा हालत नाई. पाहतात तर खरंच. बिलाल म्हणाला, "सर, तुमी श्वास घेता तवा नाकातून शिट्टी वाजते." एरवी त्याला वर्गाबाहेर जावं लागलं असतं. पण महादेवराव घरी जाऊन दार लावून बसले, डोळे मिटले, आणि शिट्टी खरंच वाजत होती. सत्तावन्न वर्षांत त्यांनी ती ऐकली नव्हती.

आणि शनिवारी मलिहा वाचायला उभी राहिली. तिसरीतली ही पोर घरी घडाघड वाचायची, पण वर्गात उभं केलं की तिच्या हातातलं पुस्तक थरथरायचं आणि तोंडातून हूं की चूं निघायचं नाही. दोन वर्षं महादेवराव तिच्यावर ओरडून थकले होते. त्या दिवशी डोळे उघडल्यावर ती आपणहून उठली. आधी तीन श्वास घेतले. मग अर्धं पान वाचलं, हळू, पण सगळ्यांना ऐकू येईल असं. वर्ग टाळ्या वाजवायचंही विसरला.

महादेवराव ओसरीत येऊन उभे राहिले. अश्विनी मॅडम मागून आल्या.

"काय झालं सर?"

"काई नाई. चारच दिवसात हे. साठ दिवस खरंच केलं असतं तर?" "आपुन पोरायचं चोरलं हो मॅडम."

सोमवारी पावणेदहालाच जीप आली. डिंपल मॅडम उतरल्या, त्यांच्यामागे ऋत्विक नावाचा तरुण सहायक कॅमेरा आणि फ्लेक्सच्या गुंडाळ्या घेऊन उतरला. त्यानं फळ्यावर तारखेचा फ्लेक्स लावला आणि दुसरी गुंडाळी आणायला परत जीपकडे गेला. तेवढ्यात बिलाल फाटकातून आत आला. शकीलभाईंनी काम मन लावून केलं होतं. मनगटापासून कोपरापर्यंत हात पांढराशुभ्र, बैठकीच्या छतासारखा गुळगुळीत. महादेवरावांनी त्याला दारातच गाठलं.

"डाव्या हाताले काऊन बांधलं बे?"

"उजव्या हातानं जेवतो न सर मी," बिलाल म्हणाला. "मागच्या खेपेस अम्मीनं भरवलं तर पोट्टे हासले. अब्बा म्हणे, कोणता हात? मी म्हटलं, हा."

आता जीपपुढे काय करणार. सगळे वर्गात बसले. दहा मिनिटं अशी गेली, की बाहेर लिंबावरचा होला घुमत होता तो ओळीतल्या शेवटच्या पोरालाही ऐकू आला. डिंपल मॅडमही डोळे मिटून बसल्या होत्या. एकटे महादेवराव डोळे उघडे ठेवून त्या डाव्या हाताकडे पाहत होते.

"छान," मॅडम हळूच म्हणाल्या. "आता जे जाणवलं तेच सांगायचं. बरोबर-चूक असं काही नसतं." त्या बिलालजवळ येऊन बसल्या. "तूच ना तो? तुला काय जाणवलं?"

"हात खाजून राह्यला मॅडम," बिलाल म्हणाला. "मोडेल होता तवा एवढा नव्हता खाजत."

मॅडम हसल्या. मग हसणं थांबलं. त्यांनी फोन काढून एक फोटो पाहिला, दुसरा पाहिला, बरेच पाहिले. फोटो पाहायचा, हात पाहायचा, पुन्हा फोटो पाहायचा.

"गुरुजी, याचा कोणता हात मोडला होता?"

महादेवरावांच्या डोक्यात जुना राग चढला. बिलालचा कान धरावा, फोटो उलटा निघाला म्हणून सांगावं, हाड सरकून इकडून तिकडे गेलं म्हणून सांगावं. तोंड उघडलंही होतं. समोर मलिहा बसली होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि हातानं हळूच खूण केली, आधी श्वास घ्या. त्यांनी तीन श्वास घेतले. साऱ्या वर्गाला शिट्टी ऐकू आली.

"उजवा," ते म्हणाले. "तो बरा होऊन दोन महिने झाले. साठच्या साठ फोटो आम्ही एका दिवसात काढले मॅडम. पोरायची चूक नाई, या अश्विनी मॅडमची नाई. सांगतलं मी होतं. ध्यान फक्त चार दिवस केलं. पण ते चार दिवस खरे आहेत, ते या पोरीले विचारा."

मलिहा उठली. कोणी सांगितलं नव्हतं, तरी तिनं पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. या वेळी पान पूर्ण वाचलं. डिंपल मॅडम ऐकत राहिल्या. महादेवरावांना मात्र आता काहीही होवो असं वाटत होतं, आणि ते तसं बरं वाटत होतं.

वाचन संपल्यावर मॅडमनी फोन बाजूला ठेवला. मग त्यांनी विचारलं, "रागावत नाही मी. पण तारीख पुसायची, स्वेटर बदलायचे, हे तुम्हाला सुचलं तरी कसं?"

महादेवराव संकोचले. खरं बोलायची एकदा सवय लागली की ती मधे कुठे थांबवायची ते कळत नाही.

"तुमच्याच प्रशिक्षणात शिकलो, मॅडम. दोन दिवसांचं होतं, पण पहिल्याच दिवशी दुपारी तारखेचा फ्लेक्स बदलला. ज्याले कोट होता त्यानं काढला, ज्याले नव्हता त्यानं घातला, अन् दुसऱ्या दिवसाचा फोटो झाला. म्हणून तर मले शेगाव साधलं."

डिंपल मॅडमचा चेहरा पडला. त्या प्रशिक्षणाचा दोन दिवसांचा अहवाल त्यांच्याच सहीनं गेला होता, आणि त्यातले फोटो त्यांनीही नीट पाहिले नव्हते. त्या काही बोलणार एवढ्यात दारातून ऋत्विक आत आला. बाहेर असल्यामुळे त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यानं फळ्यावरचा फ्लेक्स सराईतपणे उतरवला, नवा लावला, आणि मुलांकडे वळून म्हणाला, "चला, पटापट जागा बदला बरं. मॅडम, तुम्ही तेवढी शाल घ्या."

फ्लेक्सवर मंगळवारची तारीख होती.

कोणीच हललं नाही. तेवीस पोरं, दोन शिक्षक, सगळे डिंपल मॅडमकडे पाहत होते. मॅडमनी डोळे मिटले. एक श्वास, दोन श्वास, तीन. शिट्टी त्यांच्या नाकातून वाजत नव्हती, एवढाच फरक.

"ऋत्विक, तो काढून ठेव," त्या म्हणाल्या. "उद्या लावू. उद्या आपण खरंच येऊ."

ऋत्विक फ्लेक्स गुंडाळायला लागला. महादेवरावांनी सुटकेचा मोठा श्वास सोडला. शेवटच्या ओळीत बिलालनं प्लास्टरचा हात गुडघ्यावर घासला आणि काळजीनं विचारलं, "सर, मंग उद्या कोणत्या हाताले बांधू?"