सापगावातला समुद्र

सापगावच्या कुंडलिकच्या ओटीवर समुद्र होता. तीन फूट लांब, दीड फूट उंच. जहाजावर नोकरीला असलेल्या त्याच्या मुलाने, प्रणितने, मागच्या सुट्टीत खाऱ्या पाण्याची ही टाकी आणली, त्यात केशरी पट्ट्यांचे दोन मासे सोडले आणि तो नऊ महिन्यांसाठी निघून गेला. जाताना म्हणाला, "आई, आठवण आली की हिच्याकडं बघ."

गीताबाईला आठवण दिवसातून पाच वेळा यायची. प्रत्येक वेळी ती टाकीपाशी बसायची आणि बसल्याबसल्या चिमूटभर खाणं टाकायची.

दोन महिन्यांत टाकीतल्या दगडांवर हिरवी लव आली. पुढच्या पंधरवड्यात तिचे केस झाले.

"प्रणितनं बघितलं तर काय म्हणंल?" गीताबाई धास्तावली. "दोन मासे सांभाळता नाय आले आईबापाला!"

कुंडलिकने मनावर घेतलं. प्रणितने भरून ठेवलेले फिल्टरच्या पाण्याचे कॅन संपले होते, म्हणून त्याने थोडं पाणी काढून शेतातल्या विहिरीचं घातलं, प्रणितच्या पिशवीतलं मीठ कालवून. आठ दिवसांत शेवाळ दुप्पट झालं.

उजेडाने वाढतं म्हणून त्याने टाकीवर घोंगडी टाकली. दुपारी गीताबाईने ती काढली. "काळोखात ठेवता व्हय लेकरांना?"

मग त्याने भातसा नदीतून वीस गोगलगायी आणल्या. शेवाळ खातात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. खाऱ्या पाण्यात पडताच त्यांनी अंग आत ओढून घेतलं ते कायमचंच. दुसऱ्या दिवशी ओटीला बाजारातल्या सुक्या मासळीचा वास सुटला.

शेवटी कुंडलिकने शहापूरच्या मासेवाल्या भरतला घरी आणलं. भरतने वास घेतला, टाकी पाहिली, विचारपूस केली.

"काका, विहीर भाताच्या बांधाला ना? मग खताचं पाणी उतरतं तिच्यात. शेवाळाला खतच घातलंत तुमी. त्यावर ह्या मेलेल्या गोगलगायी. आणि काकू, मासे खाऊन उरतं ते सगळं शेवाळच खातं. दिवसातून किती वेळा टाकता?"

गीताबाई पदराशी चाळा करत राहिली. "मोजलं नाय," ती हळूच म्हणाली. "पोरगं जेवलं का नाय ते कळत नाय. मासे तरी जेवलेले दिसतात."

भरतने बाह्या सरसावल्या. त्याने गोगलगायी वेचून काढल्या, रविवारी चांगलं पाणी आणि ब्रश घेऊन येतो म्हणाला.

पण शनिवारीच जहाज बंदराला लागलं आणि प्रणितचा व्हिडिओ कॉल आला. कुंडलिक टाकीसमोर आडवा उभा राहिला.

"बाबा, सरका ना. मासे बघू द्या."

"मासे झोपलेत."

"दुपारी?"

कुंडलिक नाइलाजाने सरकला. मोबाइलवर सगळं हिरवंगार दिसू लागलं. मधूनच केशरी पट्टा हलला. प्रणितने चेहरा स्क्रीनच्या अगदी जवळ आणला. गीताबाईचे डोळे भरून आले.

"चुकलं रे बाळा. उद्या घासून काढतो आमी."

"आई, मोबाइल अजून जवळ धर." "तीन महिने नुसतं निळं बघतोय गो. वर निळं, खाली निळं. हिरवं काही बघितलंच नाही. भात केवढं झालंय आपलं?"

"गुडघ्याच्या वर!" कुंडलिक ओरडलाच. "थांब, दाखवतो!"

तो अनवाणीच निघाला. मोबाइल पुढे धरून चिखलातून बांधावर पोचला, हात उंच करून त्याने सगळं शेत दाखवलं. हा आपला तुकडा, ही विहीर, हा वारा आला बघ.

मागून धापा टाकत आलेल्या गीताबाईने मोबाइलकडे पाहिलं. "अहो, कॉल केव्हाच बंद पडलाय. रेंज नाय इथं."

"माहीत हाय."

"मग हात खाली करा की."

"परत लागला तर?" कुंडलिक म्हणाला, आणि हात दुखायला लागल्यावर त्याने मोबाइल दुसऱ्या हातात घेतला.