डिस्क क्रमांक पाच बदलून मिळणेबाबत

विषय : चित्रण शाखेच्या पेटीतील डिस्क क्रमांक पाच बदलून मिळणेबाबत.
संदर्भ : संकलक शिंपीण यांचा माघ शुद्ध पंचमीचा अर्ज.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, बाळांनो, एका जंगलात सरकार होतं.

अस्वलसाहेब त्याचे प्रमुख होते. ते बहुतेक मधाच्या पाहणी दौऱ्यावर असत. मागे कचेरी मी सांभाळायचो. मी तेव्हा घोरपड होतो. बारनिशीत, म्हणजे आवक-जावक कागदांच्या नोंदीवर, एकतीस वर्षं.

घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. तिला दोर बांधून माणसं गड चढून गेली, असं सांगतात. माझ्या आधारानं कोणी कुठं चढल्याचं नोंदीत नाही. मी कागदाला चिकटायचो.

चित्रण शाखेत एक शिंपीण होती. पानं शिवून घरटं करते ना, ती. चित्रांचे तुकडे जोडायला तिला नेमलं, ही त्या सरकारनं केलेली एकमेव योग्य नेमणूक. ती माझ्या शिफारशीविना झाली होती.

माकडांनी झाडांवरून टिपलेलं सगळं चित्रण एका लोखंडी पेटीत राही. पेटीत आठ डिस्क होत्या. त्यांची देखभाल एक म्हातारी खार करी. तिनं मला एकदा सगळं समजावून सांगितलं होतं आणि मी मान हलवली होती. चित्रण एका डिस्कवर ठेवत नाहीत. त्याचे तुकडे आठांवर पसरतात. मग दाखवताना आठही जणी एकदम हात लावतात आणि चित्र अडखळत नाही. शिवाय प्रत्येकीकडे इतरांच्या तुकड्यांचा थोडा ताळा असतो. एक मेली, तर उरलेल्या सात जणी ताळा मांडून तिचा वाटा पुन्हा काढतात. दुसरी मेली, तर सगळंच गेलं.

आमच्या कचेरीतही आम्ही आठच होतो. एक जण गेला की उरलेले सात, त्याचं काम आपल्याकडे येत नाही, हे सिद्ध करायला बसत.

त्या पेटीत थोरलीचं चित्रण होतं. थोरली म्हणजे हत्तींच्या कळपाची म्हातारी. दर उन्हाळ्यात ती कळपाला नऊ दिवस चालवत लांबच्या डोहावर नेई. गेल्या पावसाळ्यात ती वारली. तिच्या शेवटच्या वाटचालीचं नऊ दिवसांचं चित्रण तेवढं उरलं. त्यातून शिंपीण नेमकी वाट वेगळी काढून देणार होती.

माघात पाचवी डिस्क मेली. पेटी टीं-टीं वाजू लागली. मला डुलकी लागेना. मी जातीनं गेलो, एक बटण सापडलं, ते दाबलं. आवाज थांबला. मी नोंद केली : तक्रार प्राप्त, निवारण केले.

मग शिंपिणीचा अर्ज आला. विहित नमुन्यात एक रकाना होता : काम किती दिवसांपासून बंद आहे? तिनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, बंद नाही, पण फार मंद झालं आहे. मंद असा रकाना नव्हता. मी त्रुटी काढून अर्ज परत केला. तिनं तो पुन्हा दिला. मी पुन्हा परत केला. असा फाल्गुन गेला.

खार भेटायला आली. म्हणाली, "काम बंद पडल्यावर डिस्कचा उपयोग नसतो, भाऊसाहेब."

"काम बंद पडल्याशिवाय डिस्क देता येत नाही," मी म्हणालो.

दोघंही नियमाला धरून बोलत होतो. ती पेटीच्या, मी कचेरीच्या.

चैत्रात जंगलातलं तळं आटायला लागलं. थोरलीची धाकटी बहीण कचेरीत आली. कळपात तिला धाकली म्हणत. बरोबर चार पिल्लं होती. शिंपिणीनं आम्हा सगळ्यांना पडद्यासमोर बसवलं आणि झालेलं काम दाखवलं. सात डिस्क मेलेल्या पाचवीचा हिशेब मांडत धापा टाकत होत्या. थोरली एक पाऊल टाकी, थांबे, मग दुसरं टाकी.

मी टिपण लिहिलं : हत्ती मुळातच सावकाश चालतो. दोष आढळला नाही.

"ती लंगडत नव्हती, भाऊसाहेब," धाकली म्हणाली. "तीस वर्षं तिच्या मागं चाललेय मी."

"मग वाट ठाऊक असेलच की."

"वाट तिला ठाऊक होती. मला तिची शेपटी ठाऊक आहे."

हे मला पटलं. मागचं टिपण बघून पुढचं टिपण लिहिण्यात माझीही एकतीस वर्षं गेली होती.

खारीचं म्हणणं होतं, आता पेटीला हात लावू नका. आधी नवी डिस्क घाला. दोन दिवस द्या. सात जणी तिला भरून काढतील, मग खुशाल बघा. दोन दिवस आहेत, धाकली म्हणाली, त्याहून जास्त नाहीत. मग तिनं मला विचारलं, नवी डिस्क कुठं मिळते. कपाटात, मी म्हणालो. कपाट कुठं आहे? माझ्या खुर्चीमागं.

"मग?" धाकली म्हणाली.

मी तिला कार्यपद्धती सांगितली. अर्धा तास लागला. तिनं उभ्यानं ऐकून घेतली. मनात आणती तर सोंडेनं कपाट उचलून नेती, आणि मी बाजूला झालो असतो. पण तिचा सरकारवर विश्वास होता. तिनं अर्ज केला.

दोन दिवस अर्ज माझ्या मेजावर होता. साहेब दौऱ्यावर होते. तिसऱ्या दिवशी शिंपीण म्हणाली, आता आहे तसं बघून घ्या. धाकली बघू लागली, पिल्लंही बघू लागली. पहिल्या दिवसाची वाट झाली, दुसऱ्या दिवसाची झाली. शिंपीण नको ते गाळून पुढं जात होती. कुठली टेकडी डावी घालायची, कुठला ओढा ओलांडायचा नाही, धाकली पुटपुटत पाठ करीत होती. सहाव्या दिवशी संध्याकाळी थोरली कोरड्या नदीपाशी आली. तिथं दोन वाटा फुटत होत्या. तिनं सोंड वर करून वास घेतला.

चित्र तिथंच थांबलं. सोंड वर होती, ना डावीकडे ना उजवीकडे.

दुसरी डिस्क मेली होती. पेटी वाजू लागली. माझा पंजा सवयीनं बटणाकडे गेला.

"राहू द्या, भाऊसाहेब," खार म्हणाली. "आता वाजू दे."

मी खुर्चीकडे गेलो. कोऱ्या अर्जावर काम बंद आहे, असं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, शिक्का मारला, कपाट उघडलं आणि नवी डिस्क घेऊन आलो. ज्या दिवशी अर्ज, त्याच दिवशी माल, असं माझ्या नोकरीत एकदाच घडलं. खारीनं डिस्क हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली. भरायचं कशातून, असं तिनं विचारलं नाही. मलाही ते कळत होतं.

मी डिस्क पुन्हा कपाटात ठेवली आणि खातेपुस्तिकेत जमा केली.

धाकली दुसऱ्या सकाळी कळप घेऊन निघाली. पिल्लं तिच्या शेपटीमागं चालली होती. पहिले सहा दिवस कळप योग्य वाटेनं गेला असणार. सातव्या दिवसाबाबत या कचेरीकडे माहिती उपलब्ध नाही.

तात्पर्य : बाळांनो, एक अवयव निकामी झाला तरी निमूट काम करीत राहील, असं काही बांधू नका, आणि स्वतःही तसं वागू नका. पहिल्याच दुखण्याला साफ बंद पडा. नमुन्यात रकाना फक्त त्याचाच आहे.

साहेब दौऱ्यावरून आले. पेटीत साठवलेलं काहीच नसताना नव्या डिस्कची आवश्यकता काय, याचा खुलासा त्यांनी शिंपिणीकडून मागवला आहे. खुलासा आलेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.