पँटची लांबी पँटलाच विचारावी

मी आधीच सांगून टाकतो, एक्सएमएलची फाईल वाचणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे! गेली नऊ वर्षं ऑफिसात मी दुसरं काही करतच नाही. लोक सकाळी उठून पेपर वाचतात, मी एक्सएमएल वाचतो. त्यामुळे ताईचा घाबराघुबरा फोन आला, तेव्हा मी चक्क हसलो.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. शाळेतली चांगली नोकरी सोडून तिनं शिवणकामाचं दुकान टाकलं. दोन वर्षं पडद्यांच्या कडा मारण्यात आणि लोकांच्या कमरा सैल करण्यात गेली. आणि मग एकदम हौशी बँडची ऑर्डर! बेचाळीस शर्ट, बेचाळीस पँटी! नव्या ग्रंथालयाच्या उद्घाटनाला सगळे एकसारखे दिसले पाहिजेत.

"हे नीट झालं तर दुकान चाललं म्हणून समज," ताई म्हणाली. "नाही झालं तर मी आपली परत वर्गावर, हजेरी घ्यायला."

"अगं, पण अडलंय कुठं?"

"मापांत! बँडच्या सेक्रेटरींनी सगळ्यांची मापं कॉम्प्युटरवर भरून घेतली आणि मला कसलीशी फाईल पाठवली. उघडली तर सगळीकडे बाणच बाण! माणूस कुठं सुरू होतो आणि पँट कुठं संपते, काही कळेना."

"पाठव इकडे. अर्ध्या तासात चिठ्ठ्या छापून देतो."

जाता जाता सांगतो, त्या बँडमध्ये मीही आहे. झांजा वाजवतो. पूर्ण कार्यक्रमात दोनदा. त्यासाठी रोज तालमीला जाऊन बसणं मला काही पटत नाही.

तर, फाईल. एक्सएमएल म्हणजे सोपं असतं हो, डब्यात डबा! सगळ्यात मोठा डबा बँडचा. त्यात बेचाळीस वादकांचे बेचाळीस डबे. प्रत्येक वादकाच्या डब्यात आणखी दोन, एक शर्टचा आणि एक पँटचा. लांबी, छाती, कंबर वगैरे माल त्या आतल्या डब्यांत.

मी प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक वादकाला विचारलं, बाबा रे, तुझी लांबी किती? उत्तर आलं, काही नाही. बेचाळीसच्या बेचाळीस माणसं बिनलांबीची! कारण उघड होतं. लांबी वादकाच्या डब्यात वरवर पडलेली नव्हती, आणखी एक डबा आत होती. रीतसर जायचं तर आधी वादक, मग पँट, मग लांबी, असं एकेक झाकण उघडत जायचं. पण नऊ वर्षांच्या अनुभवी माणसानं झाकणं उघडत बसायचं? छे! मी शॉर्टकट मारला. 'आत कुठंही असो, लांबी शोधून आण,' असा हुकूम सोडला. भराभर आकडे आले! पंचवीस मिनिटांत बेचाळीस चिठ्ठ्या छापून तयार, त्यातली पाच मिनिटं चहाची.

चिठ्ठ्या घेऊन मी ऐटीत दुकानात गेलो. दुकानात शिवणाऱ्या दोघी जणी आणि एक मास्तर. मास्तर म्हणजे कापड कापणारे. साठीचे, गळ्यात टेप, कानावर खडू. पस्तीस वर्षं कात्री चालवतायत आणि दिवसाला मोजून पस्तीस शब्द बोलतात.

त्यांनी पहिली चिठ्ठी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत जवळ आणली.

"साहेब, शर्ट अठ्ठावीस."

"बरोबर."

"पँटपण अठ्ठावीस?"

"मास्तर, कॉम्प्युटर चुकत नसतो! तुम्ही फक्त कात्री चालवा. डोकं चालवायला मशीन आहे."

बोललो खरा. आज आठवलं की जीभ चावावीशी वाटते. मास्तरांनी चिठ्ठी खाली ठेवली आणि ताईकडे वळले.

"ताई, मी काय म्हणतो, ही पँट..."

"मास्तर, माझा भाऊ नऊ वर्षं हेच काम करतो," ताई म्हणाली. "त्यानं केलंय ना? मग त्यात बघायचं काही कारण नाही."

मला कसं भरून आलं! बहीण असावी तर अशी.

तरी तिनं खबरदारी म्हणून सेक्रेटरीकाकांना फोन लावला. काका पोस्टातून रिटायर झालेले, शिस्तीचे एकदम कडक. ताईनं विचारलं, "तुमच्या फाईलमधली मापं बरोबर आहेत ना?"

काका उखडले. "तीन वेळा तपासलीत मी स्वतः! त्यात आहे तेच करा. एक सूत इकडं नको की तिकडं नको!"

"बघा," मी मास्तरांना म्हणालो. मास्तरांनी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून एक नवीनच प्रकार सुरू झाला. संध्याकाळचे सहा वाजले, की मास्तर टेप गळ्यात घालून दुकानातून गायब! एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. मी ताईच्या कानाला लागलो. "रुसलेत तुझे मास्तर. माझं ऐक, दुसरीकडे काम बघतायत. यंत्र आलं की जुन्या माणसांचं असंच होतं."

ताईचा चेहरा उतरला. "आत्ता सोडून गेले तर मी मेले रे!"

पण मास्तर गेले नाहीत. कपडे वेळेवर शिवून झाले. मास्तरांनी स्वतःच्या हातानं घड्या घातल्या, इस्त्री केली, नावं लावली आणि पाकिटं बंद केली. उद्घाटनाच्या दिवशी दुपारी बारा वाजता भाऊजींनी खोकी गाडीत टाकली आणि हॉलवर नेली. माझं पाकीट तेवढं दुकानात ठेवलं होतं. म्हटलं, घालून तर बघू.

शर्ट, वा! अंगावर ओतल्यासारखा! मग पँट चढवली. कंबर झकास. खाली पाहिलं.

खाली माझ्या पोटऱ्या होत्या! उघड्या, केसाळ, भर दुपारी!

मी ती पँट खाली ओढली. ती आली नाही. पडद्याबाहेर येऊन नुसता उभा राहिलो. ताईनं माझ्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे, मग परत पायांकडे.

"हे काय?"

मी झडप घालून लॅपटॉप उघडला. फाईलमध्ये माझं नाव काढलं. आधी शर्ट, शर्टमध्ये लांबी, अठ्ठावीस. त्याच्या खाली पँट, पँटमध्ये लांबी, एकोणचाळीस.

"ताई, मी सांगितलं होतं, आत कुठंही असेल ती लांबी आण. त्याला पहिली शर्टची सापडली. पहिली मिळाल्यावर तो पुढं बघतच नाही."

ताई शिकलेली बाई. तिनं एका क्षणात ताळा केला. "म्हणजे तू बिल्डिंगखाली उभा राहून 'काका' म्हणून हाक मारलीस, आणि पहिल्या खिडकीतून जो डोकावला त्यालाच घेऊन आलास? कुणाचा काका ते न बघता?"

"हो."

"बेचाळीस वेळा?"

"हो."

ती मशीनवर डोकं टेकून बसली. रडली असती तर परवडलं असतं. ती हळूच म्हणाली, "आणि मी मास्तरांना गप्प केलं." मला त्या क्षणी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मास्तरही जागेवर नव्हते. गेलेच असणार, माझ्यासारख्याच्या तोंडाला कोण लागेल?

मी हॉलवर फोन लावला. सेक्रेटरीकाकांनी उचलला. मागं हसण्याखिदळण्याचा नुसता गोंधळ! पाकिटं फुटली होती तर!

"काका, पँटी बघितल्या?"

"बघितल्या म्हणजे? सगळे बघतच राहिलेत हो! चाळीस वर्षांत अशा पँटी पाहिल्या नाहीत!"

"काका, माफ करा! चूक सर्वस्वी माझी आहे. ताईचा काही दोष नाही, तिला..."

"चूक कसली? पायात घालून आमचा ढोलवाला नाचतोय इथं! बहिणीला सांग, पुढच्या वर्षीचे कोटही तिच्याकडेच!"

फोन बंद झाला. मी ताईला म्हणालो, "काका फार लागेल असं बोलतात गं."

तेवढ्यात दारातून मास्तर आले. हातात चहाची किटली. त्यांनी माझ्या पोटऱ्यांकडे सावकाश बघितलं. त्यांच्या मिशीला हसू फुटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"मास्तर," ताई उठून उभी राहिली, "बेचाळीस पँटी..."

"एकच," मास्तर म्हणाले.

"काय एकच?"

"आखूड. एकच. बाकी एक्केचाळीस बरोबर आहेत. अठ्ठावीस इंचात लहान पोराची पँट होते, ताई. तुम्ही ऐकेनात, म्हणून मी रोज संध्याकाळी तालमीला जाऊन टेप लावून आलो. एकेकाची मापं घेतली." त्या दिवशीचे त्यांचे पस्तीस शब्द केव्हाच संपले होते, पण ते थांबले नाहीत. "पँटची लांबी पँटलाच विचारायची असते साहेब. शर्टला काय माहीत?"

ताईनं त्यांचे दोन्ही हात धरले आणि मग मात्र ती खरंच रडली. माझेही डोळे भरून आले. पण एक शंका राहिलीच होती.

"मास्तर, मग माझीच का आखूड?"

"तीन दिवस वाट बघितली साहेब. तुम्ही तालमीला आलाच नाहीत. मग तुमची कागदावरूनच कापली. कागद चुकत नसतो ना?"

कापड संपलं होतं. दुमड उसवून मास्तरांनी दीड इंच मोकळं करून दिलं. त्यानं पोटऱ्यांना काही फरक पडला नाही.

संध्याकाळी कार्यक्रम फक्कड झाला. ताई पहिल्या रांगेत, शेजारी मास्तर, नवा शर्ट घालून. मी स्टेजवर सगळ्यात मागं, सगळ्यात उंच पायरीवर. मी मनाची समजूत घातली, की झांजा दोनदाच वाजवायच्या आहेत, दोनदाच उभं राहायचंय, बाकी वेळ खुर्चीत बसून काढू. पण बसलं की पँट आणखी चार इंच वर जाते, हे मात्र त्या फाईलमधल्या कुठल्याच डब्यात लिहिलेलं नव्हतं!