ढवळे सरांचं हॉटेल

ढवळे सर कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा सांगत नाहीत. चहावाल्याला ते "बिनसाखरेचा" म्हणाले आणि त्यानं "काय?" असं विचारलं, तर समोर येईल तो गोड चहा मुकाट्यानं पितात. "टेप एकदाच वाजती," हे त्यांचं ब्रीद.

धाराशिवला मेडिकलच्या वरच्या खोलीत आमचा क्लास आहे. नर्सिंग केलेल्या मुलींना परदेशात नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. तिच्यात रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात, ऐकता ऐकता उत्तरं लिहायची. ऐकण्याची तयारी सरांकडे, व्याकरण माझ्याकडे. एखादीचं उत्तर हुकलं आणि ती हळहळत बसली की सर डाफरतात, "गेलं ते गेलं! फुडचं ऐक!" तुळजापूरच्या स्टँडवर त्यांचं पाकीट मारलं, तेव्हाही हेच म्हणून ते एसटीत चढले. तिकीट अर्थातच मी काढलं.

विकतची रेकॉर्डिंगं त्यांना पसंत नाहीत. "तिकडं काय सगळे गोरेच बोलत्यात व्हय?" म्हणून त्यांनी घरच्याच आवाजात टेपा केल्या. आता त्या मोबाईलमध्ये असतात, पण सर टेपच म्हणतात. पहिल्या टेपमध्ये सर हॉटेलात खोली मागणारं गिऱ्हाईक, आणि हॉटेलवाली बाई म्हणजे त्यांच्या पत्नी, आमच्या सुमनवहिनी. वहिनींना इंग्रजीचा गंध नव्हता, सरांनी सगळं पाठ करून घेतलं. मध्येच कुकरची शिट्टी वाजते. ती काढून टाका म्हणालो, तर म्हणतात, "हॉटेल हाय, सैपाक होणारच की!"

याच टेपा ऐकून त्यांची मुलगी प्रणाली पास झाली आणि ऑस्ट्रेलियाला गेली. तिला बाळ झालं, तशा वहिनीही गेल्या. विमानात चढताना दारातल्या बाईला त्यांनीच आधी "वेलकम, सर" म्हटलं म्हणे.

दिवाळीला त्या परत येणार होत्या. सरांनी घराला रंग दिला, वहिनींना आवडतो तसा भडक पोपटी. मग प्रणालीचा फोन आला, आईला उन्हाळ्यापर्यंत राहू द्या म्हणून. मी शेजारीच बसलो होतो. "ऱ्हाऊ दे की," सर एकदाच म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी नवी बॅच सुरू झाली. सरांनी पहिली टेप लावली.

"हाऊ मेनी पर्सन्स, सर?" वहिनींनी विचारलं.

"टू. माय वाइफ अँड मी," टेपमधले सर रुबाबात म्हणाले. शिट्टी झाली. टेप संपली.

मागच्या बाकावरची मुलगी चाचरत म्हणाली, "सर, किती माणसं ते हुकलं माझं. परत लावता का?"

झालं, आता हिला बोलणी बसणार, म्हणून मी तपासायचे पेपर खाली ठेवले. सरांनी मोबाईल उचलला.

"लावतो की," ते म्हणाले, आणि त्यांनी टेप पुन्हा पहिल्यापासून लावली.

"हाऊ मेनी पर्सन्स, सर?"

टेपमधल्या सरांनी उत्तर द्यायच्या आधीच आमचे सर हळूच म्हणाले, "दोन."