चिंच-गुळाचं चीन

मला स्वयंपाक येतो! हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीत याबद्दल तुम्हाला दुसरंच काहीतरी ऐकायला मिळेल.

झालं असं, की दहावीला मला एक्क्याण्णव टक्के पडले. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, आमच्या अर्ध्या चुडावा गावाला पेढे वाटले. पेढा जिभेवर असतानाच मी जाहीर केलं, "अकरावीला मी परभणीला जाणार. खोली करून राहणार!"

आबांचा हात पेढ्यांच्या डब्यातच अडकला.

"खोलीवर? आन् खाणार काय? परवा चहा ठेवलास तर गॅसची आंघोळ झाली!"

"शिकेन की!"

"बसवंतरावाची नात उपाशी राहायली म्हणून परभणीभर बोभाटा व्हायचा. त्यापरीस असं कर. एक वेळचं जेवण तू एकटीनं कर. मी ताट पुसून खाल्लं, तर जा. न्हाई तर रोज रेल्वेनं ये-जा कर."

कोपऱ्यात आजी वाती वळत होती. माझ्याकडे बघून तिनं फक्त एक वात जरा जास्तच जोरात वळली.

आता एखाद्या शहाण्या मुलीनं पिठलं-भाकरी करून परभणी गाठली असती. पण पिठलं तर कुणीही करतं! एक्क्याण्णव टक्केवालीनं पिठलं करायचं? मी मोबाइलवर शोधलं आणि ठरवलं, चीनचा तो जगप्रसिद्ध आंबट-गोड पदार्थच करायचा! मुळात तो डुकराच्या मांसाचा असतो, ही बारीकशी बाब मी घरात बोलले नाही. आम्ही लिंगायत. लिंगपूजा झाल्याशिवाय आबा पाण्याचा घोट घेत नाहीत, आणि आमच्या घरात पुस्तकात अंड्याचं चित्र दिसलं तरी पान उलटून ठेवतात. पण मांसाऐवजी सोयाबीनच्या वड्या घातल्या की काय बिघडतं?

रविवारी आई-पप्पा पिंगळीला बारशाला गेले. स्वयंपाकघर माझं! मोबाइल मिसळणाच्या डब्याला टेकवला. त्यात एक चिनी काका मांसाचे तुकडे खटाखट कापत होते. मी वड्या भिजवल्या, मक्याच्या पिठात घोळवल्या, तळल्या. व्हिनेगर नव्हतं, मग चिंच. साखर कशाला, घरचा गूळ! काकांचा रस्सा लालभडक, माझा मात्र शेणकाल्यासारखा. म्हणून दोन बीट किसून घातले. त्याचा रस माझ्या हाताला, ड्रेसला, नाकाला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला लागला. पण रंग? झकास!

तेवढ्यात शेजारच्या कस्तुरामावशी विरजण मागायला आल्या. त्यांना काय दिसलं, ते त्यांच्या जागी उभं राहून बघा. कोपरापर्यंत लाल झालेली मी. हातात सुरी. कढईत लाल रश्श्यात गचागच तुकडे. मोबाइलमध्ये खटाखट!

"अगं बया! अपेक्षा, काय शिजवायलीस?"

मी छाती फुगवून मोबाइलकडे बोट केलं. "हेच, मावशी! बघा, त्यांच्यासारखंच झालंय की नाही?"

मावशी विरजण न घेताच गेल्या. मला वाटलं, माझं कौतुक सांगायची घाई झाली असेल.

पाच मिनिटांत अंगणात अख्खी गल्ली! पदर नाकाला लावलेल्या बाया, मागे पोरं, आणि सगळ्यांत पुढे आश्रुबाकाका, ज्यांना गल्लीतल्या कुठल्याही भानगडीत पुढे उभं राहायला आवडतं.

"बसवंतराव! तुमच्या घरात मटण शिजायलंय!"

आबा पूजेतून तसेच उठून आले. कपाळावर भस्म अर्धंच लागलेलं. कढईत डोकावले आणि भिंतीला टेकले.

"मटण नाही, सोयाबीन आहे!" मी ओरडले.

"सोयाबीन?" आश्रुबाकाका हसले. "तीस वर्षं झाली पेरायलो मी. सोयाबीन गोल असतंय, पिवळं असतंय. ह्याला तर रेषा हायेत!"

मी पुडा दाखवला.

"पुड्यावर काय, काहीबी छापतेत!"

पण मी कसली ऐकते? वादविवाद स्पर्धेत दोन वेळा पहिली आले आहे मी! कमरेवर हात ठेवून उलटतपासणी सुरू केली.

"आबा, आपलं सोयाबीन कुठं जातं?"

"मोंढ्याच्या बाजारात."

"तिथून?"

"तेलाच्या मिलला."

"तेल काढल्यावर काय उरतं?"

"पेंड."

"त्याच पेंडीच्या ह्या वड्या!" मी विजयानं सगळीकडे बघितलं.

मग आबा अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे तू मला ढोराची पेंड खाऊ घालणार हुतीस?"

एका वाक्यात मी खाटकाची गवळीण झाले!

"खोटं बोलायली असंल," कस्तुरामावशींचा संशय काही जाईना. "म्हशीला इचारा! म्हैस मटणाला तोंड लावत न्हाई."

झालं! आश्रुबाकाकांनी कढई उचलली आणि वरात गोठ्याकडे निघाली. रस्सा घमेल्यात ओतला गेला. आमच्या चंद्रीनं नाक खाली घातलं, हुंगलं, मान वर करून माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एका म्हशीला मनातल्या मनात हात जोडले.

चंद्रीनं जीभ बाहेर काढली. पहिला घास, दुसरा घास, आणि मग घमेलं असं चाटलं, की त्यात तोंड दिसावं! वर आणखी मागायला हंबरली.

"शुद्ध हाय!" आश्रुबाकाकांनी निकाल दिला. कस्तुरामावशींनी कान पकडले. "चुकलं बाई माजं!"

"चुकलं ते ठीक हाय," आबा म्हणाले, "पर जेवण कुठंय? मी ताट पुसलं न्हाई. अट तशीच राहिली. रेल्वेचा पास काढ."

रिकाम्या कढईकडे बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते मी तिथंच थांबवलं. रडायचं? मी?

"मी पास काढणार नाही! तुमच्या गल्लीनं माझा पेपर म्हशीला तपासायला दिला, तिनं पैकीच्या पैकी दिले. तरी नापास? ठीक आहे! उद्या परत हेच करते. परवाही हेच. तुम्ही ताट पुसेपर्यंत या घरात रोज चीन!"

आबांचा चेहरा भस्मापेक्षा पांढरा झाला.

तेवढ्यात आजी आली. हातात झाकलेली वाटी. "तुमी सगळे अंगणात भांडायला लागलात, तवाच मी कढईतलं काढून ठिवलं. मी तर दोन वाट्या खाल्ल्या. गूळ जरा हात सोडून पडलाय, पर ग्वाड लागतंय. घ्या."

आबांनी आधी आत जाऊन पूजा पुरी केली. मग डोळे मिटून एक वडी तोंडात टाकली. गल्ली श्वास रोखून उभी. दुसरी टाकली. तिसरी. शेवटी बोटानं वाटी पुसली आणि बोट चाटलं!

"जा परभणीला."

मी अशी उडी मारली, की चंद्री दचकली. आश्रुबाकाकांनी टाळ्या वाजवल्या.

"पर एकटी न्हाई," आबा म्हणाले. "तुज्या हातचं कधी जमंल, कधी न्हाई. इथं म्हैस हाय, खोलीवर कोण संपवंल?" ते आजीकडे वळले. "चन्नबसम्मा, तू जा पोरीसंगं."

मी तोंड उघडायच्या आत आजी घरात गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली. भरलेली! वर लुगड्याची घडी, खाली आरसा.

"आजी, ही कधी भरलीस?"

"तुजा निकाल लागला त्याच दिशी. चाळीस वर्षं झाली ह्या गावात, मला बी परभणीत राहून बघायचंय. तू आज दगड जरी शिजवला असतास ना, तरी मी ह्यांना खायला लावला असता."

तर मी जिंकले! परभणीत खोली मिळाली, खिडकीजवळ छान कॉटसुद्धा आहे. तिच्यावर आजी झोपते. मी खाली.