सव्वाअकराला संपलेली दारू

घरी दारू करताना लोक एवढा घोळ का घालतात, हे मला कधीच कळलं नाही. तांदूळ, पाणी, नुरुक म्हणजे दारू आंबवणारं गव्हाचं विरजण, आणि थोडं डोकं, एवढंच तर लागतं! पहिल्या तीन गोष्टी बाजारात मिळतात. चौथी माझ्याकडे उपजत आहे, असं माझं मत होतं. एकवीस दिवस तरी होतं.

निमित्त होतं सासऱ्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचं. डॉक्टरांनी बाबांना वर्षातून एकच वाडगा दारू मंजूर केली होती, तीही वाढदिवसाला. दरवर्षी तो वाडगा माझा साडू मान-सिक भरायचा. हा दातांचा डॉक्टर. परदेशी बाटली आणायचा आणि तिच्या किमतीचं लेबल काढायला नेमका विसरायचा! यंदा मी भर जेवणात जाहीर केलं, "बाबा, या वर्षी माझ्या हातची!"

बाबांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "जावईबापू, मला वर्षाला एकच मिळते हो. नीट कराल ना?"

"निर्धास्त राहा!"

मग काय, वही केली. मिनिटांसकट! ठरल्या दिवशी सकाळी सहाला सासुरवाडीच्या गावी हजर. तांदूळ शंभर पाण्यांनी धुतले. नव्व्याण्णवाव्याला बायको म्हणाली, "अहो, विहीर आटेल." मी लक्ष दिलं नाही. भात वाफवला, चटईवर पसरून गार केला. गच्चीवर दोन सुपं उन्हात होती. एकात माझं नुरुक, दुसऱ्यात सासूबाईंचं काहीतरी. मी हाताला आलं ते सूप उचललं.

खालून सासूबाई सर्दीनं चोंदलेल्या नाकातून ओरडल्या, "तुमचं कुठलं ते विचारून घ्या हो!"

"आई, विचारण्यात वेळ जातो!" माझ्या वहीत विचारायला मिनिटं राखलेलीच नव्हती.

तपकिरी, बुरसट वासाचे खडे भातात कालवले, पाणी घातलं, माठ भरला, घोंगडीत गुंडाळून खालून तापणाऱ्या जमिनीच्या उबदार कोपऱ्यात ठेवला. सव्वाअकरा! ना उतू गेलं, ना सांडलं, ना कुणावर ओरडावं लागलं. असं समाधान मला लग्नाच्या दिवशीसुद्धा झालं नव्हतं. हे मी बायकोला बोलूनही दाखवलं. पुढचे चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही, तेही समाधानकारकच गेले.

दारू आंबायला लागली की माठातून पावसासारखा आवाज येतो. मी रोज सासूबाईंना फोन करायचो.

"आई, आवाज?"

"नाही हो."

"उंची दारू बडबड करत नाही!"

"बरं. पण माझं गोचुजांगच बडबडतंय. मेजू गिरणीतून दळून आणून नेहमीसारखंच घातलं, तर रांजणावरचं झाकण उडतंय यंदा."

"मिरच्या तिखट असतील," असं मी आपलं सांगून टाकलं. मिरची, तांदळाचं पीठ आणि मेजू म्हणजे आंबवलेलं सोयाबीन घालून केलेली ती वर्षाची चटणी, तिखट असणारच!

वाढदिवसाला चाळीस माणसं जमली. मी स्वयंपाकघरात दारू गाळून घेतली. सोयाबीनच्या सूपाचा वास येत होता, पण शेजारच्या चुलीवर टोफू घातलेलं सूपच होतं. चव मी घेतली नाही. आमच्यात वडीलधाऱ्यांच्या आधी कोण तोंड लावणार?

दोन्ही हातांनी वाडगा पुढे केला. बाबांनी डोळे मिटले. प्यायले. मिनिटभर बाबांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा होता.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "यात टोफू घालायचा राहिला."

मान-सिक चहाच्या घोटासकट खोकला. सासूबाईंनी वाडगा ओढला, बोट बुडवून चाटलं. सर्दी बरी झाली होती, दुर्दैव माझं! "अहो, हा तर माझा मेजू! गोचुजांगासाठी फोडून वाळत घातलेला!"

"मग गिरणीत काय गेलं?" बायकोनं विचारलं. चार दिवसांचं सगळं व्याज त्या प्रश्नात होतं.

सगळी वरात अंगणातल्या रांजणांकडे धावली. एकाचं झाकण शेजारच्या कोबीच्या वाफ्यात पडलं होतं. आत लालभडक गोचुजांग बुडबुड बुडबुड करत होतं. माझं नुरुक, दुसरं काय!

"वर्षाचं गोचुजांग गेलं!" सासूबाईंनी कपाळ धरलं.

मला जमीन दुभंगावी असं वाटत होतं. बाबांचा वर्षाचा एकुलता एक वाडगा मी सूपात घालवला होता. "बाबा, माफ करा," म्हणायला वळलो, तर बाबा रांजणात वाकलेले! हातात मोठा चमचा.

एक चमचा झाला. दुसरा झाला. गालांवर लाली चढली, ती मिरचीची नव्हती.

"बाबा, डॉक्टर!" मान-सिक ओरडला.

"डॉक्टरांनी वाडग्याचं सांगितलंय," बाबा तिसरा चमचा भरत म्हणाले, "चमच्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही."

तो रांजण महिन्याभरात तळाला गेला. आता गावात कुणाकडे कार्य असलं, की लोक दारूची कृती विचारायला आमच्याच सासुरवाडीला येतात. सासूबाईंना भेटायला!