विनापरवाना सोबत

वजनमापे खात्यातून शिक्केसाहेब निवृत्त झाले, तेव्हा सबंध बाजाराने सुटकेचा श्वास सोडला. शिक्का नसलेला तराजू दिसला की ते तो जप्त करत, मग तो गुंजभरही इकडेतिकडे होत नसला तरी. खरेपणा तराजूत नसतो, शिक्क्यात असतो, असे त्यांचे मत होते. आणि निवृत्तीनंतर जप्त करण्याजोगे घरात काही उरले नसल्यामुळे ते मत बिचारे रिकामेच बसून होते.

अशा माणसाच्या मुलीने दूरदेशी संसार मांडला आणि नात झाली ती थेट हिब्रूतच रडत. चिमणी सहा वर्षांची झाली तरी तिला दुसरी भाषा येईना. रोज फोनवर ती विचारी, "साबा, तू कुठे आहेस?" साबा म्हणजे आजोबा. शिक्केसाहेबांनी जावयाकडून मूठभर नामे उसनी आणली होती. तेवढ्यावर ते ठणकावून सांगत, "साबा. खुर्ची. खिडकी."

मग पलीकडून चिमणीचा चीत्कार येई, "आई, साबा खुर्ची झाला! काल तो बादली होता!"

"सुट्टीत ती येतेय म्हणे," बायको म्हणाली. "बादलीशी काय बोलणार हो ती?"

शिक्केसाहेबांच्या ते जिव्हारी लागले. शब्द होते, पण त्यांना एकमेकांना बांधणारे आत, वर, खाली, सोबत नव्हते. मराठीत ही मंडळी शब्दाच्या शेपटीला निमूट लोंबकळतात. हिब्रूत ती शब्दाच्या पुढे चालतात. आणि जो पुढे चालतो त्याला परवाना लागतो, या न्यायाने गावात 'परभाषा प्रावीण्य केंद्र' निघालेच होते.

केंद्राच्या संचालिकाबाईंनी नियम सांगितले. "एका सत्राला एकच शब्द. आधी घरी प्रात्यक्षिक, मग तपासणी, मग शिक्का. शिक्का मिळेपर्यंत तो शब्द तोंडातून काढायचा नाही."

"आणि चुकून निघाला तर?"

"आधीचे सगळे शिक्के रद्द."

शिक्केसाहेबांचे डोळे पाणावले. निवृत्तीनंतर इतकी देखणी व्यवस्था ते प्रथमच पाहत होते. पाठ्यपुस्तक मिळाले, त्याची पुढची पाने टाचण्या मारून बंद केलेली होती. त्या टाचण्यांवरून त्यांनी मायेने बोट फिरवले.

पहिला शब्द 'आत'. नियमाप्रमाणे तो अंगवळणी पडेपर्यंत उमेदवाराने कशाच्या तरी आत राहायचे होते. बायकोने कपाट उघडले तर कोटाशेजारी नवरा.

"अहो, हे काय?"

"मी शिकतोय."

"शिका, पण इस्त्रीच्या कपड्यांना टेकू नका."

'वर' या शब्दासाठी ते जेवणाच्या टेबलावर मांडी घालून बसू लागले. बायको त्यांच्या गुडघ्यांना वळसा घालून वाढू लागली. 'मागे' हा शब्द मात्र तिला फार आवडला. ते सत्रभर तिच्या मागे पिशव्या घेऊन बाजारात हिंडले. जुने दुकानदार दाराशी येऊन पाहत राहिले. "हा शब्द कच्चा राहिलाय हं तुमचा," ती म्हणाली, "पुन्हा एकदा करा." 'शिवाय'च्या वेळी कशाशिवाय तरी राहायचे होते. शिक्केसाहेबांनी चष्मा निवडला, चष्म्याशिवाय भलत्याच, म्हणजे 'आत'च्या चौकटीत सही केली आणि पुन्हा कपाटात गेले.

"बाई, 'सोबत' कधी येणार?" त्यांनी एकदा धीर करून विचारले. चिमणीशी बोलायला त्यांना खरे तर तेवढाच एक शब्द हवा होता.

"सगळ्यात शेवटी. आणि तुमच्यासारख्या एकट्या उमेदवाराला नाहीच."

"म्हणजे?"

"सोबत म्हटलं की दोघं आले. दुसऱ्या माणसाकडेही सगळे शिक्के हवेत. नाहीतर कोण कोणासोबत आहे, याची जबाबदारी कोणी घ्यायची?"

हे इतके बिनतोड होते की शिक्केसाहेब मान डोलावून बाहेर पडले. पण घरी येऊन न्हाणीघराची कडी लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा एक सरकारी टाचणी नखाने उचकटली. पान वाचले. टाचणी होती तशी बसवली. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता, की बायकोने विचारले, "पोट बिघडलंय का?"

चिमणी यायच्या दिवशी शिक्केसाहेब जेवणाच्या टेबलाखाली होते. 'खाली'चे सत्र चालू होते आणि केंद्राच्या पर्यवेक्षकाचा शिक्का बसण्याआधी बाहेर आल्यास आजवरचे सगळे शिक्के रद्द होणार होते. पर्यवेक्षक येणार होता सकाळी. म्हणजे तो दुपारी आला. तोवर बायको एकटीच लेकीला आणि नातीला आणायला गेली होती.

टेबलाखालून शिक्केसाहेबांना पर्यवेक्षकाचे बूट दिसले. मग बायकोच्या चपला, लेकीचे सँडल. आणि मग दोन इवलेसे लाल बूट, जे थबकले, धावले आणि अगदी टेबलापाशी येऊन उभे राहिले. टेबलावरची चादर उचलली गेली.

"साबा!"

आपला आजोबा खुर्ची नाही, बादली नाही, टेबलाखाली बसणारा माणूस आहे, हे पाहून चिमणीला झालेला आनंद काय सांगावा! ती सरपटत आत आली, त्यांच्या बगलेत घुसली, पाठीवरच्या पिशवीतून रंगीत खडू काढून मांडले आणि त्यांच्याकडे बघून म्हणाली, "अनी इत्खा."

मी तुझ्यासोबत आहे. टाचणीखालच्या पानावरची ती पहिलीच ओळ होती.

वरून आवाज आला, "शिक्केसाहेब, मुलगी लहान आहे, तिला माफ आहे. तुम्ही उत्तर देऊ नका. हा शब्द अप्रमाणित आहे."

"अहो, द्या उत्तर!" बायको.

"बाबा, ती वाट बघतेय," लेक.

"शिक्का माझ्या हातात आहे," पर्यवेक्षक म्हणाला. "शाईसुद्धा लावली आहे. फक्त गप्प बसा."

शिक्केसाहेबांना जप्त केलेले सगळे तराजू आठवले. त्यातले कित्येक खरे होते, हे त्यांना तेव्हाही माहीत होते. चिमणीने एक हिरवा खडू त्यांच्या हातात दिला आणि पुन्हा पाहिले.

"अनी इताख," शिक्केसाहेब म्हणाले. मीही तुझ्यासोबत, मुलीला म्हणायच्या रूपात. उच्चार वाईट होता. पण चिमणीने तो तोलून बघितला नाही. ती त्यांच्या मांडीवर डोके टेकून चित्र काढू लागली.

वर शिक्का पेटीत पडल्याचा आवाज आला. पर्यवेक्षकाने उभ्याउभ्याच निकाल वाचला: सदर उमेदवार यापुढे घराच्या आत नाहीत, खुर्चीवर नाहीत, पत्नीच्या मागे नाहीत आणि टेबलाखालीही नाहीत. ते केवळ नातीसोबत आहेत, आणि तेही विनापरवाना.

"बरं," टेबलाखालून उत्तर आले. "जाताना चादर सोडा. उजेड डोळ्यांवर येतोय."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण केंद्रवालेही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. बातमी कानावर जाताच संचालिकाबाईंनी नवा अभ्यासक्रम काढला: 'नातवंडांसोबत टेबलाखाली बसणे, पायाभूत वर्ग'. टेबल आपले आपण आणायचे. नातवंड दुसऱ्या सत्रात आणायचे, तेही तपासून मिळेल. पहाटेपासून अशी रांग लागली की शेपूट थेट बाजारात गेले. सगळे चांगले शिकलेले, घरी टेबल असलेले, नातवंडेही असलेले लोक.

शिक्केसाहेब चिमणीला खांद्यावर घेऊन तिथून चालले होते. त्यांनी रांगेकडे पाहून हात हलवला. तुम्ही मान फिरवलीत, ते त्यांनी पाहिले. आता नाही म्हणू नका. रांगेचे टोकन अजून तुमच्या खिशात आहे.